तेल, कॉस्टिक आणि सहा आठवडे

घरी साबण करायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो : कॉस्टिक न घालता होईल ना? हे पुस्तक उघडणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मनात तो असणार, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. नाही होणार. कॉस्टिक सोड्याशिवाय साबणाची वडी होत नाही. आजवर क्षाराशिवाय ती कोणाला झालेली नाही आणि मलाही होत नाही. तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरीनला जोडलेली तीन मेदाम्लं असतात. कॉस्टिक हा जोड तोडतो. सुटलेल्या मेदाम्लांना सोडियम येऊन मिळाला की साबण तयार होतो आणि ग्लिसरीन मोकळं होतं. या व्यवहारात कॉस्टिक खर्ची पडतो. माप बरोबर असेल तर तयार वडीत तो उरत नाही. दुकानातून ‘सोप बेस’ आणून तो वितळवून साच्यात ओतला, तरी त्यातलं कॉस्टिकचं काम आधीच कारखान्यात उरकलेलं असतं.

ज्यांना कॉस्टिक अजिबातच नको आहे त्यांची मला अडचण वाटत नाही. त्यांच्यासाठी आपल्याकडे फार चांगल्या वाटा आहेत. रिठा, शिकेकाई, मसुराचं पीठ, बेसन, दिवाळीचं उटणं या गोष्टी साबणाच्या गरीब बहिणी नाहीत. रिठ्यात आणि शिकेकाईत सॅपोनिन असतं, ते पाण्यात फेस करतं आणि मळ सोडवतं. त्याला तेल लागत नाही, सोडा लागत नाही. रिठ्यावर रेशमी साड्या आणि लोकरीचे कपडे वर्षानुवर्षं धुतले गेले आहेत. केसांसाठी तर मी घरच्या साबणापेक्षा शिकेकाईच सुचवते. कोणताही खरा साबण क्षारधर्मी असतो, त्याचा पीएच नऊ-दहाच्या आसपास असतो, आणि केसांना तो सोसत नाही. शिकेकाईचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. पुस्तकात केसांच्या साबणाची कृती का नाही, असं कोणी विचारलं तर कारण हे आहे.

मग घरच्या साबणाला नैसर्गिक म्हणायचं ते कशाच्या जोरावर? माझं मत असं, की वडीत काय काय गेलं आणि किती गेलं हे करणाऱ्याला नेमकं ठाऊक असणं, एवढ्याच जोरावर. तेल कुठलं, कुठल्या घाण्याचं, सोडा किती, तेल किती जास्त सोडलं, हे सगळं वहीत वजनासकट लिहिलेलं असतं. विकतच्या वेष्टनावरून हे कळत नाही. या पुस्तकात कृती कमी आणि हिशेब जास्त आहे, तो याच कारणाने.

हा हिशेब माणसाला फार उशिरा जमला. हजारो वर्षं साबण होत होता तो राखेच्या पाण्यावर. पश्चिम आफ्रिकेत आजही केळवर्गातल्या फळांच्या साली आणि कोकोच्या शेंगांची टरफलं जाळून त्या राखेपासून काळा साबण करतात. योरुबा लोक त्याला ‘ओशे डुडू’ म्हणतात. पण राखेचा जोर लाकडागणिक आणि पावसागणिक बदलतो. त्यात असतो तो मुख्यतः पोटॅशियमचा क्षार, त्याने साबण मऊ होतो. तो कडक करायला मीठ टाकावं लागे. किती टाकायचं, किती वेळ उकळायचं, हे करणाऱ्याच्या हाताला आणि जिभेलाच ठाऊक. फ्रान्समध्ये निकोला लब्लांने १७९१ साली मिठापासून सोडा करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि साबणवाल्यांना राखेखेरीज दुसरा आधार मिळाला. शेव्हरूल या फ्रेंच रसायनज्ञाने चरबीत मेदाम्लं असतात हे शोधून १८२३ साली त्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. साबण होताना नेमकं काय घडतं हे त्यानंतर कळलं. म्हणजे कोणत्या तेलाला किती सोडा लागतो हे कागदावर मांडता येऊ लागलं, त्याला दोनशेच वर्षं झाली आहेत.

भारतात साबणाची वडी घरोघरी पोचली ती अलीकडे. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात लिव्हर ब्रदर्सच्या सनलाइट साबणाची खोकी उतरली. म्हैसूर संस्थानाने १९१६ साली बंगळूरला साबणाचा सरकारी कारखाना उभा केला आणि चंदनाचं तेल साबणात आलं. तेव्हाच्या विलायती साबणात बहुधा जनावराची चरबी असे, आणि ज्यांना ती चालत नसे त्यांची पंचाईत होई. पहिलं महायुद्ध संपता संपता अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत निव्वळ वनस्पती तेलांचा साबण काढला तो या पार्श्वभूमीवर. पुढे गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेलांपासूनचा साबण हा एक ग्रामोद्योगच मानला. निंब, करंज, मोह, उंडी यांच्या बिया एरवी वाया जात, त्यांचं तेल काढून साबणाला लावायचं, म्हणजे खाण्याचं तेल वाचेल आणि बिया वेचणाऱ्याला चार पैसे मिळतील. मला ही कल्पना आजही फार शहाणपणाची वाटते. आज आपल्या दुकानांतल्या साबणाचा मोठा भाग मलेशिया-इंडोनेशियाच्या पाम तेलावर उभा आहे, आणि रस्त्याकडेच्या करंजाच्या शेंगा गाड्यांखाली चिरडल्या जातात.

कारखाना आणि घर यांत एक खरा फरक आहे, तो ग्लिसरीनचा. मोठ्या कारखान्यात साबण तयार झाला की खारट पाणी घालून साबण वर आणतात आणि खाली राहिलेलं ग्लिसरीन काढून घेतात. ते औषधांना, प्रसाधनांना लागतं. आल्फ्रेड नोबेलच्या डायनामाइटनंतर ते स्फोटकांसाठीही फार मोलाचं झालं. घरच्या वडीत ते जिथल्या तिथे राहतं. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, त्यामुळे अंघोळीनंतर कातडी ओढल्यासारखी कमी वाटते. त्याच गुणामुळे पावसाळ्यात घरच्या वडीला घाम फुटतो, तिच्यावर पाण्याचे बारीक थेंब दिसतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, जाळीवर उघडी ठेवली की झालं.

आता वजनाकडे येते. या पुस्तकातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. प्रत्येक तेलाची कॉस्टिकची भूक वेगळी. एक किलो खोबरेल तेलाला पूर्ण साबण व्हायला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतो, शेंगदाणा तेलाला सुमारे १३६, एरंडेलाला १२८. आता समजा, कृतीत खोबरेल लिहिलं होतं, ते घरात नव्हतं म्हणून कोणी तेवढंच एरंडेल घातलं आणि सोडा तसाच ठेवला. किलोमागे ५५ ग्रॅम कॉस्टिक वडीत मोकळा राहिला. अशा वडीने कातडी भाजते. स्वयंपाकात आपण एक जिन्नस संपला की दुसरा घालतो, अंदाजाने वाढवतो, आणि त्यातच सुगरणपण असतं. साबणात तो हात आवरावा लागतो. वाटी, पेला, चमचा ही मापं इथे चालत नाहीत. तेलही वजनाने घ्यायचं आणि पाणीही. तेल बदललं की हिशेब नव्याने मांडायचा. हिशेबात येणाऱ्या सोड्यापेक्षा पाच टक्के सोडा मुद्दाम कमी घ्यायचा, म्हणजे थोडं तेल न बदलता वडीत राहतं. साबण करणारे याला ‘सुपरफॅट’ म्हणतात. हे पाच टक्के कातडीसाठी मऊपणा आहेत आणि करणाऱ्यासाठी सुरक्षिततेची जागा.

तेलांचा स्वभाव एकदा कळला की कृती स्वतःची स्वतःला बसवता येते. खोबरेलात लॉरिक आम्ल जवळजवळ निम्मं असतं. त्याने वडी कडक होते, फेस भरभरून येतो, अगदी समुद्राच्या पाण्यातही येतो. पण निव्वळ खोबरेलाचा साबण पुष्कळांच्या कातडीला कोरडा पडतो, म्हणून मी ते एकूण तेलाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवते. एरंडेल थोडंच घालावं, फेस टिकतो. जास्त झालं तर वडी चिकट होते. शेंगदाणा आणि तीळ सौम्य, पण त्यांचा साबण मऊ आणि जुना झाला की खवट होणारा. करंज आणि निंब गुणी आहेत, मात्र त्यांचा वास उग्र असतो आणि कोणत्याही अत्तराने तो झाकला जात नाही. लाकडी घाण्याचं तेल हवंच का, हे मला वारंवार विचारतात. साबण रिफाइंड तेलाचाही तितकाच होतो. घाण्याचं तेल घ्यायचं ते घाणेवाल्यासाठी आणि आपल्याला तेलाचा उगम कळावा म्हणून, आणि माझ्या लेखी ही कारणं पुरेशी आहेत.

कोकमतेलाबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं. कोकणात आणि गोव्यात आमसुलांसाठी फळं फोडली की बिया उरतात. त्या वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात. गरम पाण्यावर तेल तरंगतं, ते वरच्यावर काढून घेतात. निवलं की ते पांढरट पिवळसर आणि घट्ट होतं, हाताने वळून त्याचे लांबट गोळे करतात, त्यांना मुठेल म्हणतात. थंडीत भेगाळलेल्या टाचांना हेच मुठेल वितळवून लावतात. त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं, म्हणजे वडीला कडकपणा देणारा जो गुण कारखाने पाम तेलातून किंवा चरबीतून मिळवतात, तो आपल्या किनाऱ्यावर एका झाडाच्या बीतून मिळतो. या पुस्तकातल्या बहुतेक कृतींत पाम तेल नाही, कोकमतेल आहे. ते महाग पडतं हे मान्य. पण शेकडा वीस घातलं तरी वडीचा पोत बदलतो. बोटाने दाबली तर खळगा पडत नाही, आणि ओल्या साबणदाणीत ती लवकर विरघळत नाही.

आता भांड्यांचं आणि धोक्याचं. कॉस्टिकला भिऊ नये, पण तो हाताळताना दुसरं काही करूही नये. मुलं आणि मांजरं खोलीबाहेर, खिडकी उघडी, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर संरक्षक चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा कपडा. चष्म्याच्या बाबतीत मी कोणाचंही ऐकून घेत नाही. कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचा, थोडा थोडा, ढवळत. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. नुसत्या विरघळण्यानेच पाणी इतकं तापतं की भांड्याला हात लावता येत नाही, वर नाकाला झोंबणारी वाफ येते. भांडं स्टेनलेस स्टीलचंच घ्यावं. जर्मनचं पातेलं अजिबात नको. ॲल्युमिनियमवर कॉस्टिक पडला की ते खदखदतं, त्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि पातेल्याला भोकं पडतात. पितळेच्या भांड्याची कल्हईही तो खाऊन टाकतो. मोरी साफ करायची पावडर कॉस्टिक म्हणून वापरू नये, तिच्यात ॲल्युमिनियमचे कण मिसळलेले असू शकतात. आणि अंगावर थेंब उडालाच, तर व्हिनेगर शोधत बसू नये. पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरावं. डोळ्यात गेला तर तसंच धूत राहून लगेच डॉक्टरकडे जावं.

कॉस्टिकचं पाणी आणि तेल दोन्ही कोमट झाली की एकत्र करतात आणि हँड ब्लेंडर थांबत-थांबत फिरवतात. आधी तेलकट, वेगळं वेगळं दिसणारं ते मिश्रण हळूहळू एकजीव होतं, रंग उजळतो, आणि एका क्षणी पातळ पिठल्यासारखं होतं. डावातून धार सोडली तर ती पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहते. याला ‘ट्रेस’ म्हणतात. इथून मागे फिरता येत नाही. सुगंध, रंग जे काही घालायचं ते आता, आणि मग साच्यात. एक-दोन दिवसांत लादी कापण्याजोगी होते.

पण साबण अजून तयार नसतो, आणि लोकांचा धीर नेमका इथेच सुटतो. कापलेल्या वड्या चार ते सहा आठवडे हवेशीर जागी ठेवाव्या लागतात. रसायनाचं काम पहिल्या काही दिवसांतच बहुतेक आटोपतं. उरलेला काळ पाणी उडून जाण्याचा आणि वडी आतून घट्ट होण्याचा असतो. घाई केलेला साबण सौम्य नसतो आणि आठवड्याभरात झिजतो. आपल्या हवेत याचाही पंचांगाशी संबंध आहे. कोकणात, मुंबईत पावसाळ्याच्या ऐन भरात टाकलेल्या वड्या लवकर सुकत नाहीत. उघड्या बरणीतला कॉस्टिक हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, मग काट्यावर शंभर ग्रॅम दिसले तरी कामाचा कॉस्टिक त्याहून कमी असतो. म्हणून मी म्हणते, अनंत चतुर्दशीला गणपती पोचवून आलात की साबण ओता. तिथून नरक चतुर्दशीपर्यंत सव्वासहा आठवडे मिळतात, पाऊसही ओसरत असतो. अभ्यंगस्नानाला उटण्यासोबत घरची वडी हवी असेल तर याहून चांगला मुहूर्त नाही.

रंगाच्या बाबतीत निसर्ग सहज हाती लागत नाही. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. हळद क्षारात लाल होते, चुना घालून तिचं कुंकू होतं ते याच गुणाने. त्यामुळे ओल्या साबणात घातलेली हळद पिवळी राहत नाही, आधी लालसर होते आणि मग विटकरी-केशरीवर येऊन थांबते. गुलाबाच्या आणि जास्वंदीच्या पाकळ्या तपकिरी पडतात. मनासारखे टिकतात ते काव किंवा गेरू, कोळशाची पूड आणि नीळ म्हणजे नीलीच्या झाडाची, कपड्यांची नव्हे. रतनजोत तेलात मुरवली तर साबणात जांभळट छटा येते. सुगंधासाठी वाळ्याचं आणि गवती चहाचं तेल मला आवडतं. लवंगेचं तेल मिश्रण क्षणात घट्ट करतं आणि कातडीलाही बोचतं, ते नवख्याने टाळावं.

मराठवाड्यातून आणि विदर्भातून एक तक्रार नेहमी येते, आणि पुण्या-मुंबईत लिहिली गेलेली माहिती तिची दखल घेत नाही. बोअरचं पाणी जड असतं. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्यात साबणाला फेसही येत नाही. पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा पांढरा साका होतो, तो बादलीच्या कडेला आणि केसांत बसतो. यात घरच्या साबणाचा दोष नाही, खऱ्या साबणाचा तो स्वभावच आहे. उपाय थोडे आहेत. खोबरेलाचं प्रमाण जरा वाढवावं. कृतीत थोडं सायट्रिक ॲसिड घालावं, ते साक्याला आवर घालतं. पण हे आम्ल कॉस्टिक खातं, १० ग्रॅममागे सुमारे ६ ग्रॅम, तेवढा कॉस्टिक वाढवून घ्यावा लागतो. पाणी फारच जड असेल तर रिठा वापरावा, जड पाण्यात तो साबणासारखा फसत नाही.

घरच्या साबणाने मुरुम जातात, डाग जातात, रंग उजळतो, असं या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. साबण मळ काढतो. दोन मिनिटं अंगावर राहून धुऊन जाणाऱ्या वस्तूकडून औषधाचं काम मागणं चूक आहे. इसब किंवा जखम असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरला दाखवावं. ‘जंतुनाशक’ या शब्दालाही फार भुलू नये. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक घटक घरगुती साबणांतून बाद केले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते अधिक उपयोगी असल्याचं उत्पादकांना दाखवता आलं नव्हतं.

पहिल्या दोन-तीन खेपा जमल्या की शेजारपाजारचे म्हणतात, विकत का नाही देत? बचत गटांतल्या बायकांनी हे करावं असं मला मनापासून वाटतं, पण नियम पाळून. भारतात साबण हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे आणि विक्रीसाठी तो बनवायचा तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. भारतीय मानकांत अंघोळीच्या साबणाची प्रतवारी एकूण मेदाच्या, म्हणजे ‘टीएफएम’च्या, प्रमाणावर होते : पहिली प्रत किमान ७६ टक्के, दुसरी ७०, तिसरी ६०. ‘बेदिंग बार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वडीला ४० टक्केही चालतात. पुढच्या वेळी दुकानात वेष्टन उलटून ‘टीएफएम’पुढचा आकडा वाचून पाहा. घरच्या वडीत ग्लिसरीन आणि पाणी राहतं, म्हणून तिचा आकडा नेहमी सर्वांत वरचा नसेल, आणि ते ग्राहकाला समजावून सांगायची तयारी ठेवावी.

सुरुवातीसाठी एकच कृती इथे देते. खोबरेल १५० ग्रॅम, शेंगदाणा तेल २२५, कोकमतेल १००, एरंडेल २५, म्हणजे एकूण तेल ५००. कॉस्टिक ७१ ग्रॅम, पाणी १५०. पाच टक्के सुपरफॅट यात धरलेलं आहे. कोकमतेल पूर्ण वितळवून घ्या. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा काटा नसेल तर आधी तो आणा. रंग नको, सुगंध नको, कारण या खेपेत तुम्हाला तेलाचा आणि कॉस्टिकचा मेळ पाहायचा आहे. सहा-सात वड्या होतील. त्यांतली एक न वापरता, तारीख आणि वजनं लिहिलेल्या चिठ्ठीसह कपाटात ठेवा आणि अधूनमधून बाहेर काढून पाहत जा. तिच्यावर नारिंगी ठिपके उमटले किंवा तिला खवट वास यायला लागला, तर पुढच्या खेपेला शेंगदाणा तेल कमी करून कोकमतेल वाढवा आणि सोड्याचा हिशेब पुन्हा मांडा. तो कसा मांडायचा, ते पहिल्या प्रकरणात आहे.